नऊ मिनिटांचा हिशेब

अमेरिकेतील एका वडिलांच्या पत्राचा सारांश असा: "आम्हाला इथे येऊन तेवीस वर्षे झाली. मुलगा एका लहान, पण डिव्हिजन वनमध्ये, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या पातळीवर, खेळणाऱ्या कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉल संघात गार्ड (बास्केटपासून दूर राहून चेंडू खेळवणारा खेळाडू) आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंगचे तिसरे वर्ष चालू आहे. गेल्या हंगामात तो जवळजवळ प्रत्येक सामन्यात पहिल्या पाचांत असे आणि सरासरी २६ मिनिटे खेळे. यंदा नवे प्रशिक्षक आले, येताना आपल्या आधीच्या कॉलेजातले चार खेळाडू घेऊन आले आणि माझ्या मुलाच्या वाट्याला नऊ मिनिटे उरली. हा वशिला आहे का? संघाचेही काही भले झालेले नाही. १४ सामन्यांत ५ विजय आणि ९ पराभव. मी क्रीडा संचालकांसाठी एक सविस्तर ईमेल लिहून ठेवला आहे. तो पाठवावा का? मुलाने आत्ताच दुसऱ्या कॉलेजात जायचे ठरवावे का? प्रत्येक सामन्यानंतर मी त्याला फोन करून काय चुकले ते सांगतो, पण हल्ली तो 'बघू, बाबा' एवढेच म्हणून फोन ठेवतो. फेब्रुवारीतल्या एका सामन्यासाठी आम्ही साडेसहा तास गाडी चालवून जाणार होतो, तर 'येऊ नका' म्हणाला. दोन सामन्यांचे चित्रीकरण आणि निकालांचा तक्ता सोबत पाठवत आहे."

नमस्कार.

तो ईमेल पाठवू नका. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे सावकाश आणि थोड्या विस्ताराने देतो. पण एवढे उत्तर आधी देणे भाग आहे, कारण सामना हरल्याच्या रात्री माणसाचा हात पाठवण्याच्या बटणावर चटकन जातो आणि गेलेला ईमेल परत घेता येत नाही. ज्या क्रीडा संचालकांना तुम्ही तो लिहिला आहे, त्यांनीच काही महिन्यांपूर्वी या प्रशिक्षकांची निवड केली आहे. स्वतःच्या निवडीबद्दलची तक्रार, तीही एका खेळाडूच्या वडिलांकडून आणि हंगामाच्या मध्यावर आलेली, ते फार तर नम्रपणे पोच देऊन त्याच प्रशिक्षकांकडे पाठवतील. मग ज्या वीस वर्षांच्या मुलाने स्वतः एक शब्दही तक्रार केलेली नाही, त्याला दुसऱ्या दिवशी सरावाला त्याच माणसासमोर उभे राहावे लागेल. पालकांशी अभ्यासाबद्दल, प्रकृतीबद्दल, प्रवासाबद्दल जरूर बोलू, पण खेळायला मिळणाऱ्या मिनिटांबद्दल फक्त खेळाडूशी बोलू, असा दंडक पुष्कळ कॉलेज प्रशिक्षक पाळतात, आणि तो मला योग्य वाटतो.

आता त्या नऊ मिनिटांकडे वळू. कॉलेज पुरुष बास्केटबॉलचा सामना ४० मिनिटांचा असतो आणि मैदानावर एका वेळी पाच खेळाडू असतात, म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात वाटायला एकूण २०० मिनिटे असतात. चुरशीच्या सामन्यात त्यातली बहुतेक मिनिटे आठ-नऊ जणांतच संपतात आणि उरलेल्यांना सराव, प्रवास, टाळ्या आणि बाक यांवर समाधान मानावे लागते. चार नवे खेळाडू प्रत्येकी पंचवीस मिनिटे खेळले, तर निम्मी तिजोरी तिथेच रिकामी होते. तुमच्या मुलाची १७ मिनिटे कोणी त्याच्यावर राग धरून काढून घेतली असे मला वाटत नाही; ती या हिशेबात गेली.

हा वशिला आहे का, असे तुम्ही विचारले आहे. त्यात थोडे तथ्य आहे, ते मी लपवत नाही. २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवता येतात, २०२५ च्या जुलैपासून कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे, आणि ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू पाहणारे खेळाडू ज्या यादीत नाव घालतात तिच्यामुळे) प्रशिक्षकाने कॉलेज बदलले की त्याचे खेळाडूही मागोमाग जाऊ शकतात. ज्यांना शब्द देऊन आणले, त्यांना बाकावर बसवणे कोणत्याही प्रशिक्षकाला जड जाते. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. त्या चौघांना प्रशिक्षकांची भाषा येते. बचाव करताना कोणत्या हाकेला कोणी सरकायचे, चेंडू कोपऱ्यात गेला की कोणाची जागा कोणी भरायची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे, आणि नव्या प्रशिक्षकाला पहिल्या हंगामात सगळ्यात मोठा आधार याच गोष्टीचा असतो. प्रशिक्षक जॉन कॅलिपारी २०२४ मध्ये केंटकी विद्यापीठ सोडून आर्कान्सास विद्यापीठात गेले, तेव्हा त्यांच्यासोबत केंटकीचे काही खेळाडू गेले. दुसरे प्रशिक्षक डस्टी मे त्याच वर्षी फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठातून मिशिगनला गेले, तेव्हा त्यांचा तिथला सेंटरही (बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू) सोबत गेला.

तुम्ही पाठवलेले दोन्ही सामने मी पाहिले, आणि दुसऱ्या सामन्यातला एक प्रसंग तर चार-पाच वेळा मागे नेऊन पाहिला. उत्तरार्धात सहा-सात मिनिटे उरली असताना तुमचा मुलगा बदली म्हणून आत येतो. प्रतिस्पर्ध्यांचा गार्ड उजव्या बाजूने चेंडू घेऊन उभा आहे आणि तुमच्या मुलाकडे सोपवलेला खेळाडू त्याच्यापासून एका पासाच्या अंतरावर आहे. मुलगा त्या दोघांच्या मधल्या वाटेत हात लांब करून, चवड्यांवर उभा राहून, पास अडवायला टपून बसला आहे. जुन्या चित्रफितींत याच पवित्र्यातून त्याने कितीतरी चेंडू हिसकावलेले दिसतात. पण त्या दिवशी पास येतच नाही. चेंडूवाला गार्ड सरळ आत घुसतो, तुमच्या मुलाने मोकळ्या सोडलेल्या जागेतून बास्केटपर्यंत पोहोचतो आणि दोन गुण घेतो. कॅमेरा बाकाकडे वळतो, तेव्हा प्रशिक्षक ओरडत नाहीत. दोन्ही तळहात छातीजवळ आणून ते आत ओढल्याची खूण करतात. पुढच्याच थांब्याला मुलगा बाहेर येतो.

त्या खुणेचा अर्थ मला लागला, असे वाटते. इतर चौघे ज्या रीतीने उभे राहत होते त्यावरून तुमच्या मुलाचा संघ 'पॅक लाइन' नावाचा बचाव खेळत आहे. डिक बेनेट या प्रशिक्षकांनी तो रूढ केला आणि त्यांचे चिरंजीव टोनी बेनेट यांनी व्हर्जिनिया विद्यापीठात तो नावारूपाला आणला. कॉलेज पुरुषांची तीन गुणांची रेषा २०१९-२० च्या हंगामापासून २२ फूट पावणेदोन इंचांवर आहे. त्या रेषेच्या आत, बास्केटपासून सुमारे १६ फुटांवर, आणखी एक कमान आहे अशी कल्पना करायची. काही प्रशिक्षक सरावात ती चिकटपट्टीने आखूनही ठेवतात. चेंडू ज्याच्यासमोर आहे त्या एकट्याने बाहेर जाऊन दबाव टाकायचा आणि बाकीच्या चौघांनी त्या कमानीच्या आत राहायचे, म्हणजे आत घुसणाऱ्याला प्रत्येक वाटेवर माणूस आडवा येतो. पास झाला, की ज्याच्या माणसाकडे चेंडू गेला त्याने आतून धावत जाऊन, शेवटची दोन-तीन पावले आखूड टाकत, हात वर करून नेमबाजाला गाठायचे. या बचावात पासाच्या वाटेत जाऊन चेंडू हिसकावण्याला फारशी किंमत नाही. उलट, तो जुगार फसला की सगळी भिंत कोसळते.

तुमच्या मुलाचे नेमके हेच झाले आहे, आणि पत्र वाचताना मला जे जाणवले नव्हते ते चित्रीकरण पाहताना जाणवून वाईट वाटले. जुन्या प्रशिक्षकांनी ज्या गुणासाठी त्याची पाठ थोपटली, ज्याच्या बळावर तो पहिल्या पाचांत गेला, तोच गुण नव्या पद्धतीत दोष ठरतो आहे. तो आळशी झालेला नाही, घाबरलेला नाही, वाईट खेळतही नाही. दोन वर्षे घोटून घेतलेली सवय त्याला चाळीस-पन्नास सरावांत मोडायची आहे, आणि ती मोडताना चुका सामन्यात, लोकांसमोर होत आहेत. आमच्या विद्यापीठ संघात असेच एकदा प्रशिक्षक बदलले आणि मी एक अख्खा हंगाम बाकावर काढला. त्या वर्षी घरी पाठवलेल्या पत्रांत मी परीक्षा, मेस, हवापाणी यांविषयी पानेच्या पाने लिहीत असे आणि सामन्यांविषयी एक ओळही लिहीत नसे. 'बघू, बाबा' या दोन शब्दांत काय काय दडलेले असते, ते मला चांगले ठाऊक आहे.

५ विजय आणि ९ पराभव या आकड्यावरून तुम्ही प्रशिक्षकांना नापास केले आहे, तेही घाईचे आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लहान कॉलेजे ठरावीक रक्कम घेऊन मोठ्या विद्यापीठांच्या मैदानावर खेळायला जातात. क्रीडा विभागाचा खर्च भागतो आणि पराभव जवळजवळ ठरलेला असतो. तुम्ही पाठवलेल्या तक्त्यात अशा चार लढती मला दिसल्या. त्या बाजूला ठेवा आणि उरलेले पाच पराभव किती गुणांनी झाले ते पाहा: पहिले दोन अठरा आणि एकवीस गुणांनी, शेवटचे तीन सहा गुणांच्या आत. शिवाय अशा लहान कॉलेजांचा खरा हंगाम जानेवारीत, आपल्या कॉन्फरन्समधल्या, म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटातल्या, सामन्यांपासून सुरू होतो. कॉन्फरन्सची अखेरची स्पर्धा जिंकणाऱ्या संघाला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो, मग त्याआधी त्याने कितीही सामने गमावलेले असोत.

पहिल्या हंगामाच्या आकड्यांनी मोठमोठ्या जाणकारांना फसवले आहे. टोनी बेनेट यांच्या पहिल्या वर्षी, २००९-१० मध्ये, व्हर्जिनियाचे १५ विजय आणि १६ पराभव होते. त्याच व्हर्जिनियाने २०१९ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, आणि तेही आदल्या वर्षी पहिले मानांकन असताना सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून हरण्याची, पुरुषांच्या स्पर्धेत तोवर कोणावरही न आलेली नामुष्की सोसल्यानंतर. ड्यूक विद्यापीठाचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांनी दुसऱ्या हंगामात १० विजय व १७ पराभव आणि तिसऱ्यात ११ विजय व १७ पराभव पाहिले. माजी विद्यार्थी त्यांना काढून टाका म्हणत होते, क्रीडा संचालक मात्र पाठीशी उभे राहिले, आणि पुढे त्याच माणसाने पाच राष्ट्रीय विजेतेपदे आणली. नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ यांनी पहिल्या वर्षी जेमतेम ८ सामने जिंकले होते, आणि १९६५ च्या जानेवारीत एक सामना हरून संघाची बस परतली तेव्हा त्यांच्याच विद्यार्थ्यांनी त्यांचा पुतळा फासावर लटकवलेला होता. बसमधून उतरून तो पुतळा ओढून खाली पाडणारा बिली कनिंगहॅम हा त्यांचाच खेळाडू होता. आणि वर ज्या कॅलिपारींचे नाव आले, त्यांचा आर्कान्सासचा संघ पहिल्याच हंगामात कॉन्फरन्समधले सुरुवातीचे पाचही सामने हरला आणि तरीही मार्चमध्ये देशातल्या शेवटच्या सोळा संघांत पोहोचला. सगळ्यांनाच वेळ लागतो असे मात्र नाही. डस्टी मे यांनी आदल्या वर्षी ८ विजय आणि २४ पराभवांवर थांबलेला मिशिगनचा संघ घेतला आणि पहिल्याच वर्षी २७ सामने जिंकले. अशा उदाहरणांमुळे हल्ली सर्वांचाच धीर लवकर सुटतो.

मग मुलाने काय करावे? प्रशिक्षकांची स्वतः भेट मागावी, सामन्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नव्हे, तर मधल्या एखाद्या शांत दिवशी. 'मला का खेळवत नाही?' या प्रश्नाला प्रशिक्षकाकडे एकच उत्तर असते, ते म्हणजे दुसऱ्या खेळाडूचे नाव, आणि ते ऐकून कोणाचेच भले होत नाही. त्याने विचारावे: 'बचावाच्या कोणत्या दोन गोष्टी सरावात सलग दिसल्या, तर तुम्ही मला चुरशीच्या वेळी आत ठेवाल?' या प्रश्नाचे उत्तर देताना प्रशिक्षकाला नेमके बोलावे लागते, आणि नेमके बोललेले नंतर त्यांनाही आठवते. मग सहायक प्रशिक्षकांपैकी कोणाला तरी, चेंडूपासून दूर असताना तो स्वतः कसा उभा राहतो याचे आठ-दहा प्रसंग कापून द्यायला सांगावे आणि ते त्यांच्या शेजारी बसून पाहावेत. हंगामात अधिकृत सरावावर आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. पण रिकाम्या कोर्टावर एखाद्या मित्राला पास द्यायला सांगून, कमानीच्या आतून नेमबाजापर्यंत धावत जाऊन ती शेवटची आखूड पावले रोज पन्नास वेळा टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. हे त्याला तुम्ही सांगू नका. या सदराचे कात्रण त्याला पाठवायचे असेल तर पाठवा, पण सोबत काही लिहू नका.

दुसऱ्या कॉलेजात जाण्याचा निर्णय आत्ता, जानेवारीत, घेऊ नये. पोर्टलमध्ये नाव घालण्याची मुदत हंगाम संपल्यावर उघडते, आणि एकदा नाव गेले की त्याची जागा किंवा शिष्यवृत्ती राखून ठेवण्याचे बंधन सध्याच्या कॉलेजवर उरत नाही. पोर्टलमध्ये शिरलेल्या प्रत्येकाला नवे घर मिळतेच असे नाही, आणि ज्याच्या नावापुढे गेल्या हंगामात नऊ मिनिटे लिहिली आहेत, त्याला ते शोधताना खालच्या पायरीवर उतरावे लागण्याची शक्यता जास्त. तुमच्या मुलाच्या बाबतीत एक अडचण आणखी आहे, आणि तुमच्या चार पानी पत्रात तिचा उल्लेखही नाही, याचे मला आश्चर्य वाटले. डिव्हिजन वनच्या नियमांनुसार खेळाडूने दुसरे वर्ष संपताना पदवीच्या अटींपैकी ४० टक्के, तिसरे संपताना ६० टक्के आणि चौथे संपताना ८० टक्के पूर्ण केलेले असावे लागतात. कॉलेज बदलले की हा हिशेब नव्या कॉलेजच्या पदवीनुसार मांडला जातो. इंजिनिअरिंगचे विषय एका कॉलेजातून दुसऱ्यात जसेच्या तसे क्वचितच मान्य होतात. कुठे प्रयोगशाळा धरत नाहीत, कुठे एखादा पायाभूत विषय पुन्हा करायला लावतात. तीन वर्षे थर्मोडायनॅमिक्स आणि यंत्रांच्या रचनेशी झुंजलेल्या मुलाला बास्केटबॉलसाठी विषयच सोपा करून घ्यावा लागला, तर तो सौदा त्याने डोळे उघडे ठेवून करावा. मार्चच्या आधी त्याने आपल्या अभ्यास सल्लागारांकडे जाऊन, आपले किती क्रेडिट कुठे धरले जातील याची चौकशी एकदा करून ठेवावी.

जाणे योग्य ठरेल अशीही वेळ येऊ शकते. प्रशिक्षकांनी भेट देऊनही काहीच नेमके सांगितले नाही, किंवा सांगितले ते त्याने करून दाखवले आणि तरीही फेब्रुवारीअखेर चित्र तसेच राहिले, किंवा पुढच्या वर्षीच्या बेतात त्याला जागा नाही असे त्यांनी स्पष्ट सांगितले, तर जावे आणि मनात कटुता न ठेवता जावे. आणखी एक शक्यता आहे, आणि ती ऐकायला तुम्हाला जड जाईल: तो तिथेच राहील, चौथे वर्षही दहा-बारा मिनिटेच खेळेल, पदवी घेईल आणि त्यात समाधानी असेल. तसे झाले, तर तो हरला असे मी मानणार नाही, आणि तुम्हीही मानू नये अशी माझी मनापासून विनंती आहे.

आता फोनविषयी. सामना संपला की खेळाडूला आधी प्रशिक्षक ऐकवतात, मग दुसऱ्या दिवशी चित्रीकरण दाखवून पुन्हा ऐकवतात. या दोहोंच्या मध्ये तुमचा फोन येतो आणि तिसऱ्यांदा तेच ऐकावे लागते, तेही ज्यांना नवा बचाव माहीत नाही त्यांच्याकडून. तुम्ही सांगितलेल्या चुकांपैकी एक तर मला उलटी दिसली: 'तू आपल्या माणसाला चिकटून का राहिला नाहीस?' असे तुम्ही ज्या प्रसंगाबद्दल त्याला विचारले, त्या प्रसंगी तो नव्या पद्धतीप्रमाणे अगदी बरोबर जागी उभा होता. प्रशिक्षक आत ओढतात आणि वडील बाहेर ढकलतात, अशा वेळी त्या मुलाने कोणाचे ऐकायचे? पुढचे तीन आठवडे सामन्याच्या दिवशी फोन करू नका. ज्या दिवशी सामना नाही त्या दिवशी करा, आणि मिनिटांचा विषय त्याने काढला तरच बोला. पहिल्या दोन फोनवर तो फारसे बोलणार नाही. तुम्ही कधी मिनिटांच्या विषयावर येता, याचीच तो वाट पाहत असेल.

फेब्रुवारीतल्या त्या सामन्याचे त्याला एकदा, आणि एकदाच, सरळ विचारा: 'आम्ही आलो तर तुला बरे वाटेल की ओझे वाटेल?' ओझे म्हणाला तर जाऊ नका, आणि त्याचे वाईटही वाटून घेऊ नका. साडेसहा तास गाडी चालवून आलेल्या आई-वडिलांसमोर बाकावर बसून राहणे किती कठीण असते, ते त्याने तुम्हाला आडून सांगितले आहे. हो म्हणाला तर दोघेही जा, संघाच्या बाकामागच्या जागा घेऊ नका, समोरच्या बाजूला बसा. तो आत आला की चेंडूकडे न पाहता त्याच्या पायांकडे पाहा. कमानीच्या आत, गुडघ्यांत वाकून, योग्य जागी उभा असलेला मुलगा तुम्हाला एक-दोनदा तरी नक्की दिसेल. सामन्यानंतर खेळाडूंना बाहेर यायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेव्हा दाराशी थांबा. त्याला भूक लागलेली असेल. जेवायला घेऊन जा आणि कुठे जायचे ते त्यालाच ठरवू द्या.